दर्याकाठचा झिरा

पहिल्या महायुद्धात आमच्या प्लाटूनला आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर पोस्टिंग मिळालं. मधे खाडी, पलीकडच्या किनाऱ्यावर जर्मनांची फौज. बेटाच्या एका टोकावर आमची चौकी होती आणि काम होतं खाडीवर नजर ठेवण्याचं. मी सिग्नलर. निजामाच्या मुलखातून, आष्टीकडून, नगरला येऊन भरती झालेलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. लढाईनंतर पुरं केलं, पण इंटर तेव्हाच झालं होतं आणि ते मी कुणाला विसरू देत नव्हतो.

माझ्या सेक्शनचा नाईक तुळशीराम शेजारच्या गावच्या पाटलाचा मुलगा. सही करताना जीभ बाहेर काढायचा. तरी फीत त्याला मिळाली आणि मला झेंडे मिळाले.

रोज पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी बंदुका घेऊन मोर्चावर उभं राहणं, झालं की तुळशीराम चार शिपाई घेऊन किनाऱ्याची गस्त घालायचा. मी टेकाडावर दुर्बीण आणि हेलिओ घेऊन बसायचो. उन्हाचा आरसा हलवून जहाजांशी बोलायचं, तेही जहाज दिसलं तर. तुळशीराम परत यायचा तो खिशात शिंपले आणि तोंडात गोष्टी घेऊन.

"आज कासव बघितलं बे. परातीएवढं. अंडी घालून गेलं दर्यात."

"रिपोर्ट दे."

"रिपोर्टात कासव टाकू का?"

शिपाई हसायचे. मी लिहायचो, किनारा शांत.

एका रविवारी मलाही गस्तीबरोबर सोडलं. ओहोटीनं पाणी मागं हटलं होतं. वाळू तांदळाच्या पिठासारखी पांढरी. खडकांच्या खळग्यांत निळे मासे अडकलेले. एक नांगी मोठी, एक बारीक, असे खेकडे आमच्या बुटांपुढून पळत होते. चिखलातली झाडं मुळं उघडी टाकून उभी होती, जणू धोतर वर खोचून पाण्यात उतरलीत. आणि सगळीकडे हिरवं. कुणी पेरलं नाही, कुणी शिंपलं नाही. आमच्याकडे लिंबाचं एक रोप जगवायचं तर घरातलं खरकटं पाणी जपून घालावं लागतं. मला त्या बेटाचा रागच आला.

"कपिलधारच्या धबधब्याला श्रावणात पडतं ना पाणी," तुळशीराम समुद्राकडे बघत म्हणाला, "तेवढं हितं एका लाटंत हाय."

बेटावरच्याच, खाडीच्या कडेच्या गावात एक म्हातारा मुखिया होता. तरुणपणी गलबतावरून मुंबईला येऊन गेलेला, मोडकं हिंदुस्थानी बोलायचा. तुळशीरामची दखनी कचेरीत आणि बाजारात तयार झालेली. दोघांचं असं जमलं की माझं इंग्रजी कोपऱ्यात बसून राहिलं. म्हाताऱ्यानं नारळाच्या दुधात शिजवलेला भात वाढला. विस्तवावरचा मासा वाढला, वर आंबट कैरी. भाजलेला एक पांढरा कंद होता, रताळ्यापेक्षा कोरडा. माशाचा पहिला तुकडा त्यानं तुळशीरामच्या पानावर ठेवला.

"पहले बेटे को," म्हणाला.

मी पाहुणा होतो. बेटा तो.

पिण्याचं पाणी पिंपांतून बोटीनं यायचं आणि मोजून मिळायचं. तुळशीरामनं नारळीखाली वाळूत झिरा उकरला, उन्हाळ्यात आपण कोरड्या नदीत उकरतो तसाच. कोपरभर खाली गोड पाणी लागलं. आमचे सुभेदार साताऱ्याकडचे. त्यांनी ओंजळभर प्यायलं आणि म्हणाले, "शाबास रं पाटला." तेव्हापासून सगळी प्लाटून त्याला पाटलाचा झिरा म्हणू लागली. अरे, मीही त्याच मातीतला. चालायला लागल्यापासून आईबरोबर झिरे उकरलेले. डोक्यात आधी त्याच्या आलं, एवढंच.

मग वारं फिरलं आणि बोट येईना. त्यातच ताप आला. निम्मी प्लाटून तंबूत पडली. आमच्या टोकावरची शहाळी आम्ही केव्हाच संपवली होती. उपसा वाढला तसा झिरा मंदावला. आमच्या मुलखाची रीत एकच: पाणी कमी पडलं की आणखी खोल जा. खाली जेवढं जावं तेवढं गोड. तुळशीरामनं फावडं घेतलं, दुसरं मी घेतलं. कमरेएवढं खणल्यावर भसकन पाणी आलं. त्यानं घोट घेतला आणि थुंकला.

खारं.

बेटावर गोड पाणी खाऱ्यावर सायीसारखं तरंगतं, हे आष्टीच्या माणसाला कोण सांगणार? आम्ही साय फोडली होती.

सुभेदारांनी दोन चामडी पखाली पुढं ठेवल्या. "पाणी आता गावच्या विहिरीतनं. वाट ओहोटीच्या वाळूवरनं, उघडी. कोण जातंय?"

"मी जातो, साहेब," मी म्हणालो.

"झिरा माझा हाय, साहेब," तुळशीराम म्हणाला. "मीच जातो."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. "तू झेंड्याला. म्हातारा ह्याला वळखतो."

तुळशीरामनं दोन शिपाई घेतले. जाताना मला म्हणाला, "कावून तोंड पाडतो, कालेजवाल्या? येताना शहाळं आणतो."

"दोन आण."

"लई हाव हाय तुला."

पलीकडे हालचाल दिसली तर मी लाल झेंडा आडवा धरायचा आणि त्यांनी वाळूवर निजायचं, असं ठरलं. ते सुखरूप पोचले. दुर्बिणीत दिसलं, म्हातारा त्याच्या हातात शहाळं देतोय आणि तो मान मागं टाकून पितोय. माझी जीभ टाळूला चिकटली होती. त्या क्षणीसुद्धा मला त्याचा हेवा वाटला, हे लिहायला मला संकोच नाही.

परत निघेपर्यंत भरती लागली होती. ते निम्म्या वाटेवर असताना पलीकडच्या झाडीत मला माणसं दिसली. मी लाल झेंडा आडवा धरला. तिघे निजले. पहिल्या गोळ्या डोक्यांवरून गेल्या. पण पाणी चढत होतं. त्यांच्या अंगाखाली आलं, मग पखालींच्या तोंडाशी आलं. समुद्र आत शिरला असता तर सगळी फेरी वाया. मी झेंडा तसाच आडवा धरून ठेवला. तुळशीराम तरी उठला. एक पखाल खांद्यावर घेतली, दुसरी शिपायांना उचलायला लावली आणि त्यांना पुढं घातलं.

गोळी त्याला कडेला पोचता पोचता लागली. सुभेदार धावत उतरले, त्यांनी त्याला ओढून वर घेतलं. मी झेंडा सोडून गेलो तेव्हा तो संपला होता. पखाल शाबूत होती. तंबूतली माणसं त्या रात्री ते पाणी प्यायली. एका शिपायानं माझ्यापुढं दोन शहाळी ठेवली.

"नाईकनं सांगितलेलं, तुमाला द्या."

त्याला आम्ही किनाऱ्यावरच अग्नी दिला. लाटांनी आणून टाकलेली लाकडं होती, म्हाताऱ्यानं नारळीची खोडं दिली. सकाळी राख भरायला गेलो तर भरती येऊन गेली होती.

सुटून आलो तेव्हा आष्टीच्या बाजारात त्याचे वडील भेटले. मला बाजूला घेऊन विचारलं, "राख कुठं सोडली, लेका?"

"सोडावी लागली नाही, पाटील. दर्या आला आन् घेऊन गेला."

"लई पाणी असंल."

"नजर पोचत न्हाई एवढं."

त्यांनी पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. "आमच्या घरात एवढं पाणी कुणाच्या वाट्याला न्हाई आलं," ते म्हणाले आणि बैलांच्या बाजाराकडे चालू लागले.

उन्हाळ्यात नदी आटली की अजून मी स्वतः झिरा उकरतो. कोपरभर खाली ओल लागते, पाणी लागत नाही, आणखी खोल जावं लागतं. तेव्हा तुळशीरामची आठवण येते. आणि त्याचा हेवा वाटतो.