बंदच न पडणारी गाडी

मांजर आडवं गेलं तर मी मांजरासाठी ब्रेक मारते, अपशकुनासाठी नाही. शाळेत वर्षानुवर्षं फिजिक्स शिकवलंय. दाराला लिंबू-मिरची बांधलेली मला चालत नाही, आणि भुताच्या गोष्टी ऐकताना मला हमखास जांभई येते. तेव्हा हे वाचून हसू आलं तर खुशाल हसा... मी पण हसतेच.

मी नीलिमा, बडोद्यात अकोट्याला राहते. शाळा सोडल्यावर फक्त बायकांसाठी ड्रायव्हिंग क्लास काढायचं ठरवलं आणि पहिलाच प्रश्न आला — गाडी कुठली घ्यायची? घरात सगळेच तज्ज्ञ. नवरा म्हणाला, मोठी घे, वट राहतो. दीर म्हणाले, ऑटोमॅटिक घ्या वहिनी, क्लचची कटकटच नको. अहो, पण क्लच शिकायलाच तर बायका येणार! मला हवी होती छोटी, वापरलेली गाडी. क्लच हलका, बॉनेट आखूड, काचा मोठ्या. सीट उंच करता आली पाहिजे, कारण आमच्याकडच्या निम्म्या काकूंना स्टिअरिंगच्या वरून रस्ताच दिसत नाही. जुन्या शहरातल्या नागरवाड्याच्या अरुंद गल्लीतून आरसे न मिटता निघाली पाहिजे. आणि अंगावर आधीच चार ओरखडे असलेले बरे, म्हणजे पाचवा पाडणारीला रडू येत नाही.

बऱ्याच गाड्या बघितल्या. शेवटी बडोद्यातच, समा भागातल्या एका सोसायटीत हवी तशी मिळाली. पांढरी, जुनी, पण नीट ठेवलेली. मालक एक वयस्कर गुजराती काका. आधी आलेल्या दोघांना त्यांनी नाही म्हणून परत पाठवलं होतं. मी क्लासबद्दल सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "शीखववा माटे छे ने, बेन? तो लई जाओ." शिकवायलाच हवी ना, मग घेऊन जा.

डाव्या सीटपुढे माझ्यासाठी क्लच-ब्रेकची दुसरी जोडी बसवून घेतली आणि क्लास सुरू झाला. झक्कास चालला. ज्या बायकांना दुसऱ्या क्लासवाल्यांनी "तुम्हाला नाही जमणार" म्हणून वाटेला लावलं होतं, त्या माझ्याकडे दोन-चार दिवसांत हसत गाडी चालवायला लागल्या. टेस्टला पहिल्या फटक्यात पास. मला वाटलं, मी शिकवतेच तशी! शेजारीपाजारी सांगूनही झालं.

मग आल्या दातारकाकू. साठीच्या, अकोट्यातल्याच. दातारकाकांची नजर अधू झालेली, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. त्यांची लाडकी गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. काका घराबाहेर पडेनासे झाले होते, रिक्षात बसणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मुलगा म्हणत होता, विकून टाका. काकूंनी त्याच्याकडून मुदत मागून घेतली होती. मला म्हणाल्या, "नीलिमा, ती गाडी गेली ना, तर हे खुर्चीतून उठायचेच नाहीत गं."

काकू माझ्या गाडीत सुंदर शिकल्या. लायसन्स मिळालं, पेढे वाटून झाले. आणि दुसऱ्याच दिवशी काकांना शेजारी बसवून त्या स्वतःच्या गाडीतून निघाल्या त्या अकोट्याच्या पुलाच्या चढावर अडकल्या. गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी कुणी भल्या माणसाने बाजूला घेऊन दिली. संध्याकाळी मी गेले तर काकू शांतपणे म्हणाल्या की मुलाला फोन केलाय, रविवारी गिऱ्हाईक येणार आहे.

मी विचारलं, बंद पडल्यावर घाबरलात का? माझ्याकडे पडली की कशी चालू करायचात, तशीच करायची ना. तर म्हणाल्या, "तुझ्याकडे कधी पडली?"

मी आठवायला लागले... कधीच नाही. काकूंच्याच नाही, कुणाच्याच हातात नाही. माझी गाडी आजवर एकदाही बंद पडली नव्हती. शिकाऊ हातात? हे म्हणजे बाळ न पडता चालायला लागण्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तपासलं. एका अगदी नवख्या मुलीला बसवलं आणि मी डाव्या सीटवर चक्क मांडी घालून बसले, म्हणजे माझा पाय कुठेच नको. तिला सांगितलं, क्लच झटकन सोड. माझ्या बाजूचं पेडल धाडकन वर आलं आणि गाडी... अलगद पुढे निघाली. तिसऱ्या गिअरमध्ये उचलायला लावली. तरी तेच. मग मी स्वतः स्टिअरिंगवर बसले, तसाच क्लच सोडला — गचका देऊन बंद! मेकॅनिककडे नेली. त्याच्याही हातात बंद पडली. तो म्हणाला, "गाडी बराबर छे, बेन," आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या समाच्या काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले, आणि एवढंच विचारलं, "गाडी मजामां?"

खरं सांगते, एकदा वाटलं, राहू दे की. क्लास जोरात चाललाय, आपलं नाव होतंय. पण डोळ्यांपुढून ते पार्किंगमधलं कव्हर हलेना.

भर दुपारी मी आमच्या सोसायटीत उभ्या गाडीत जाऊन बसले. वॉचमन बघत होता, बघू दे म्हटलं. स्टिअरिंगवर हात ठेवून मी त्या गाडीशी बोलले... हो, मी, फिजिक्सची बाई. म्हटलं, "तू सांभाळून घेतेस त्यांना, कळलं मला. पण उद्या त्या दुसऱ्या गाडीत बसतात, तिथे तू नसतेस. आता बंद पडत जा." बोलून झाल्यावर इतकी लाज वाटली की वॉचमनकडे न बघता वर आले.

संध्याकाळी काकूंना अक्षरशः ओढून आणलं. त्यांनी क्लच सोडला. गचका — बंद! मी टाळ्या वाजवल्या. काकूंना वाटलं, माझं डोकं फिरलं. पुढचे चार दिवस ती गाडी इतकी बंद पडली म्हणून सांगू... चढावर, चौकात, भाजीवाल्याच्या हातगाडीपुढे. काकू आधी घामाघूम, मग वैतागलेल्या, आणि शेवटी शेवटी बंद पडली तरी माझ्याशी लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलत किल्ली फिरवायला लागल्या.

का, कसं, मला माहीत नाही. तेव्हापासून ती इतर गाड्यांसारखीच आहे, आणि मी अजून तिच्यावरच शिकवते. तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल तर जरूर सांगा. माझं फिजिक्स इथे संपलं.

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांची गाडी काढली. पुढे काका, मागे मी. पुलाच्या चढावर, ऐन गर्दीत, ती बंद पडलीच. मागून हॉर्न सुरू झाले. काका सीटवर ताठ बसले आणि म्हणाले, "सुलभा, हँडब्रेक ओढ."

काकू किल्ली फिरवत म्हणाल्या, "ओढलाय केव्हाच."