माशाची नथ

"खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग धरता तरी कशाला?" विजयाने पुन्हा विचारलं. आवाज चढला म्हणून तिने मधलं दार ओढून घेतलं. आत सासूबाई पडून होत्या.

"सोडून द्यायला," मार्तंडराव म्हणाले.

"सोडून द्यायला धरायचे?"

"हो."

"बरं झालं, बाहेर कुणाला बोलला नाहीत. मासे मारतो म्हणालात तर लोक चार शिव्या देतील आणि विसरतील. धरतो आणि सोडतो म्हणालात, तर वेड लागलं म्हणतील."

मार्तंडराव कचेरीतून नुकतेच आले होते. टोपी अजून डोक्यावरच होती. विजयाने त्यांच्यापुढे आपला लग्नातला शालू पसरला. पदराच्या काठाची जर जागोजाग उसवलेली होती.

"आणि मी वेडी, उंदीर झाले म्हणून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकतेय! हा उंदीर टोपी घालून कचेरीत जातो हे मला काय माहीत?"

"थोडीशीच घेतली गं," मार्तंडराव पुटपुटले. "चकाकतं ना, म्हणून."

त्या चकाकण्यानेच घरावर ही वेळ आणली होती.

सासूबाई रोज सकाळी प्रवरेच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या. कागदाच्या चिठोऱ्यावर रामनाम लिहायचं, ते कणकेत वळायचं आणि पाण्यात सोडायचं, हा त्यांचा वैधव्यापासूनचा नेम. गेल्या साली दुष्काळात नदीचा डोह तेवढा उरला, मासे त्यात दाटीवाटीने कोंडले गेले, तेव्हाही हा नेम मोडला नाही. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारीच, मिळत होता. त्याच्या भाकरी आपण खायच्या आणि डब्याच्या तळाचा गहू माशांसाठी राखायच्या. पायरीवर पितळेची वाटी वाजवून "या गं बायांनो" म्हटलं की मासे पायांशी गोळा व्हायचे.

यंदा पाऊस झाला, नदी भरली. आणि दिवाळीनंतर दूध घालणाऱ्या रतनबाईने एके दिवशी दारातूनच आरोळी दिली, "आवो वैनी! घाटावर नथ घातलेली मासळी आलीय! सोन्याची नथ, वर मोती, खाली लाल खडा. लई तेज हाय. आमी डोळ्यानं बगितली!"

नथ घातलेली मासळी म्हणजे नदीची देवता, हे लहानपणापासून ऐकलेलं. घाटावर गर्दी झाली. नारळ फुटले, हळदकुंकू पाण्यात सांडलं. सासूबाई वाटी घेऊन पायरीवर बसल्या, तेव्हा बायकांनी वाट करून दिली. इतक्या वर्षांची सेवा त्यांची. मासळी खरंच त्यांच्यापाशी आली. गोळीला तोंड लावलं, आणि मागे फिरली. पुन्हा आली, पुन्हा फिरली. बाकीचे मासे गोळ्या मटकावत होते. सगळा घाट बघत होता.

सासूबाई घरी आल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. "माझ्या हातचं घेत नाही ती," एवढंच म्हणाल्या. "ती घेईल तेव्हाच मी अन्न घेईन." रोज सकाळी घाटावर जायचं, मासळीने पाठ फिरवली की परत येऊन पडायचं. घोटभर दूध तेवढं पोटात. सत्तरी उलटलेला देह, दोन दिवसांत डोळे आत गेले. आज तर परतताना उंबऱ्यावर त्यांना धरावं लागलं.

त्यांना निजवून विजया एकटीच घाटावर गेली होती. मासळी काठाशी सुस्त फिरत होती. विजयाला नथ दिसली. तिला तिचा शालूही दिसला. सोळा वर्षं संसार केलेली बाई देवतेचा दागिना ओळखणार नाही कदाचित, पण स्वतःच्या पदराची जर ओळखणारच. ती घरी आली, ट्रंक उघडली, आणि मार्तंडरावांची वाट बघत बसली.

"दर गुरुवारी संध्याकाळी दत्ताच्या देवळात जाता ना तुम्ही?" शालू बाजूला सारून तिने आता विचारलं.

"जातो की. प्रदक्षिणा घालतो, मग पुलाखाली जातो."

मग एकेक बाहेर आलं. मॅट्रिक झाल्यावर पहिली नोकरी लागली ती भंडारदऱ्याला, धरणावर कारकून म्हणून. तिथला गोरा इंजिनिअर सुटीच्या दिवशी काठावर उभा राहून चाबकासारखी दोरी हवेत फिरवायचा आणि टोकाच्या गळाला बांधलेलं पीस पाण्यावर अलगद टेकवायचा. माशाला वाटायचं, किडाच उतरला. बोलायला कुणी नव्हतं म्हणून साहेबाने या पोरसवदा कारकुनाला पीस बांधायला शिकवलं. साहेब गेला, मार्तंडराव बदलून संगमनेरला आले, लग्न झालं, टक्कल पडलं. कचेरीत कुणी मोठ्याने हाक मारली तरी दचकायची सवय लागली. पण गुरुवार सुटला नाही. गळाची काठी भिमाजीच्या खोपटात असते. भिमाजी नदीच्या वाळूत खरबुजं लावतो. त्याने कधी कुणापाशी चकार शब्द काढला नाही.

"इथले मासे किड्याला भुलत नाहीत," मार्तंडराव सांगताना जरासे खुललेच. "त्यांना आईच्या गोळ्यांची चटक. म्हणून मी बगळ्याचं पांढरं पीस वळून गोळीच केली. वर जरीचा वेढा, लाल दोऱ्याची गाठ. पाण्यावर अशी तरंगते..."

"पुरे! आणि ही नथवाली?"

"हिने दोरी तोडली. गळ जबड्यात राहिला, दोरी तोंडाभोवती गुंडाळली असणार. तिला तोंडच उघडता येत नाही, विजया. खाईल कशी?"

विजयाने मिटलेल्या दाराकडे बघितलं. म्हणजे दोघी उपाशी होत्या. एक घरात, एक नदीत.

"आईंना सांगा."

"ती माझं तोंड बघणार नाही."

"आणि नाही सांगितलंत तर तुम्हाला त्यांचं बघायला मिळणार नाही. उद्या अर्धी रजा टाका. आधी तो गळ काढू."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घाट मोकळा होता. पायऱ्यांवर नारळाच्या करवंट्या, कुंकवाचे डाग. मार्तंडराव धोतर खोचून, हातात पक्कड घेऊन पाण्यात उतरले. त्यांची सावली पडली तसे सगळे मासे पांगले.

"ओळखतात तुम्हाला," विजया म्हणाली. "व्हा बाजूला."

ती शेवटच्या पायरीवर बसली, पाय पाण्यात सोडले आणि सासूबाईंची वाटी वाजवली. "या गं बायांनो" म्हणताना तिला उगाच लाजल्यासारखं झालं. एकेक करून मासे आले. सगळ्यात शेवटी नथवाली आली आणि तिच्या पोटरीपाशी थांबली.

"हात खाली घाल," मार्तंडराव कुजबुजले. "आवळू नकोस. नुसता आधार दे."

"मी? मी कधी माशाला हात लावलाय?"

"तुझ्याकडेच आलीय ती."

विजयाने डोळे मिटून हात घातले. गिळगिळीत काहीतरी लागेल असं वाटलं होतं. लागलं ते निराळंच. तेल लावलेलं तान्हं बाळ न्हाऊ घालताना जसं निसटू बघतं, तसं. मग तिच्या हातांना आपोआप समजलं. एक तळवा मानेखाली, एक पोटाखाली. मासळी एकदा वळवळली आणि राहिली. मार्तंडरावांनी वाकून पक्कड लावली. वरिष्ठांपुढे कागद धरताना थरथरणारे ते हात आत्ता जराही हलत नव्हते. दोरीचा वेढा सुटला, गळ उलटा फिरला, बाहेर आला.

मासळी हातातून गेली. विजयाने घाईघाईने गोळी टाकली. पाण्याखालून पांढरट तोंड आ वासून वर आलं, आणि गोळी गडप. दुसरी. तिसरी.

"खातेय! अहो, खातेय बघा!" विजया हसू लागली, आणि हसता हसता तिला पदराने डोळे पुसावे लागले. मार्तंडराव कमरेइतक्या पाण्यात नुसते उभे होते. पाठीवरून पोतं उतरवलेल्या हमालासारखे.

मग विजया हसायची थांबली. पाण्यात पाच-पंचवीस मासे फिरत होते, सगळे एकसारखे.

"आता यातली ती कुठली, हे आईंना कसं कळणार?"

मार्तंडराव तळहातावरच्या गळाकडे बघत राहिले. "नाही कळणार," ते म्हणाले. "मी सांगतो."

घरी येऊन ओल्या धोतरानेच ते आईच्या अंथरुणापाशी बसले, गळ पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, भंडारदऱ्यापासून. विजया दाराशी उभी राहून ऐकत होती. सासूबाईंनी गळ उचलून डोळ्यांपाशी धरला.

"म्हणजे तिला तोंडच उघडता येत नव्हतं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग माझ्यावर राग नव्हता तिचा?"

"तुझ्यावर कसला राग, आई!"

सासूबाई कोपरावर रेलून उठल्या. "अरे मेल्या! मी पडल्या पडल्या काय काय आठवून काढलं, माहीत आहे? दुष्काळात एक दिवस मिलोच्या गोळ्या टाकल्या, त्याचा राग असेल. धाकट्या जावेला एकदा ताकाला नाही म्हटलं, त्याचा असेल. सत्तर वर्षांची पापं उकरून झाली. आणि हा खाली पुलाशी बसून गळ टाकतोय!"

शिव्या देत होत्या, पण चेहरा उजळत चालला होता. "विजया, भात आहे का गं?"

"आत्ता टाकते."

मऊ भात, मेतकूट, वर तूप. सासूबाई जेवल्या, पुन्हा वाढून घेतला. मार्तंडराव समोर भिंतीला टेकून प्रत्येक घास बघत होते.

"धरून काय मिळतं रे तुला?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

मार्तंडरावांनी मूठ वळून हवेत हलकेच मागे ओढली. "तो ओढतो ना, आई."

"लहानपणी पतंगाचं हेच सांगायचास," सासूबाई म्हणाल्या आणि भात कालवू लागल्या.

जेवून झाल्यावर त्यांनी हात धुतले, चूळ भरली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या.

"उद्या सकाळी बायका जमल्या की मी घाटावर सांगणार आहे," त्या म्हणाल्या, "की नथ नव्हती, माझ्या मुलाचा गळ होता. पाण्यात हळदकुंकू ओतू नका, मासे मरतील."

"आई, कचेरीत कळलं तर..."

"कळू दे. तू माझ्या शेजारी उभं राहायचं आहेस. विजयानेही यायचं आहे."