व्याह्यांच्या घरून येणारे ठोके

बुरुल एजेला, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या थोरल्या ताईला, कुणी ‘आज हवा छान आहे’ म्हणालं, तरी ती आधी खिडकीबाहेर डोकावते आणि मगच मान हलवते. आमच्या जिल्हा दवाखान्याची फायरवॉल तिच्याच ताब्यात आहे. दवाखान्याच्या संगणकांशी बाहेरून कोणी बोलायचं, आतल्या यंत्रांनी बाहेर कुणाशी बोलायचं, हे सगळं ती ठरवते. आम्हा किर्गिझ लोकांत माणसाला आपल्या सात पिढ्यांची नावं सांगता यावी लागतात. एजे ती प्रत्येक जोडणीलाही विचारते. उत्तर नाही आलं, की दार बंद.

मी, केरेज, तिच्या खोलीबाहेर नोंदणीच्या खिडकीत बसते, त्यामुळे तिचे सगळे तमाशे मला फुकट बघायला मिळतात. लशींचा नवा फ्रिज परदेशातल्या कुठल्याशा पत्त्याशी बोलायला बघत होता, तर ही बया त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली. विकणाऱ्याकडून लेखी खुलासा आल्यावर त्याला त्या एकाच पत्त्यापुरती परवानगी मिळाली. मोठ्या डॉक्टरांचा संगणकावरचा पत्त्यांचा डाव तिने बंद केला, तेव्हा ते तरातरा आले.

“दवाखाना माझा आहे की तुझा?”

“दवाखाना तुमचा. दार माझं,” एजे म्हणाली. मान वर न करता.

मग आले व्याही. घाटापलीकडच्या खोऱ्यातल्या सागिनबेककडे आमच्या एक्स-रे यंत्राची देखभाल होती, ती तो घरबसल्या करायचा. पुढे त्याच्याच मुलाशी एजेच्या एकुलत्या एका लेकीचं, बेगायमचं लग्न झालं. आता व्याही म्हणजे घरात सगळ्यात वरच्या जागी बसायचा माणूस, त्याला ‘का आलात’ असं विचारायची सोय नाही. पण एजेने विचारलंच. देखभालीचा संगणक वेगळा ठेवायचा, त्यावरून जगात दुसरीकडे कुठेही जाता येणार नाही, फक्त आमच्या दवाखान्यात. आणि दवाखान्यातही फक्त एक्स-रेच्या यंत्रापर्यंत.

“व्याह्यांना बेड्याच घातल्यास की गं,” मी म्हटलं.

“मुलगी दिलीय. किल्ल्या नाही दिल्या.”

उन्हाळा लागला आणि त्याच संगणकावरून ठोके यायला लागले, कुणीतरी आत शिरायला बघत होतं. एक्स-रेवर नव्हे, थेट एजेच्या टेबलावरच्या यंत्रावर. फायरवॉल ते नाकारायची आणि तशी नोंद पडद्यावर उमटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एजेच्या यंत्रात सगळ्या दवाखान्याच्या किल्ल्या होत्या. कुणाला क्षय आहे, कुणाच्या रक्तात काय निघालं, कुठल्या पोरीला दिवस गेले, सगळ्या जिल्ह्याची झाकली मूठ त्यामागे होती.

“त्याला माझ्या टेबलाशी काय काम?” ती मला दहादा विचारायची.

“मोठ्या डॉक्टरांना सांग.”

“सांगितलं, तर चौकशीला पोलीस त्या घरात जातील. माझी पोर त्याच घरात आहे, केरेज. तिचं काय करतील ते? आणि नाही सांगितलं, तर उद्या लोकांचे आजार बाजारात विकले जातील.”

तिचं जेवण सुटलं. तिकडचा अंदाज घ्यायला ती लेकीला फोन करायची, तर दरवेळी विहीण उचलायची. सून गाई दोहतेय. सून नान भाजतेय. सून आत्ताच झोपली. मी म्हटलं, दरवेळी कशी गं कामात? तर एजे माझ्यावरच खेकसली. नव्या सुनेला काम असतंच म्हणे, आणि आईने सारखे फोन केले की पोरीचा संसार बसत नाही. मलाही ते पटलं. आम्हा दोघींचा सगळा संशय व्याह्यांवर खर्च झाला होता.

शेवटी तिने व्याह्यांचा पत्ताच बंद केला, एक्स-रेसकट. ठोके तरी थांबेनात. इकडे एक्स-रेची चित्रं धुरकट यायला लागली, मोठे डॉक्टर ओरडले, त्यांनीच निरोप धाडला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सागिनबेक स्वतः हजर झाला. बुटांना चिखल, अंगाला मेंढरांचा वास. एजेने रीतीप्रमाणे चहा ओतला, नान मोडून पुढे ठेवला. मी दारातच उभी राहिले. असा प्रसंग मी सोडणार होते थोडीच.

“विहीणबाई, माझं दार बंद केलंत म्हणे.”

“तुम्ही माझ्या टेबलापर्यंत यायला लागलात, म्हणून.”

“मी?” तो हसला. “मी बर्फ वितळल्यापासून वर कुरणात आहे, मेंढरं घेऊन. सगळं घर वर आहे. आत्ता सरळ तिथूनच येतोय.”

खोटारडा, मी मनात म्हटलं. मग तोंडानेही बोलले, “मग तुमचा संगणक काय आपोआप चालतो?”

“त्याला पासवर्ड आहे, बाई. विसरायला नको म्हणून पडद्यावरच चिकटवलाय.”

एजेने किटली खाली ठेवली. “घरी कोण आहे?”

“कोणी नाही.” त्याने नानचा तुकडा चहात बुडवला. “सून तेवढी आहे. गाई कोण बघणार?”

एजे कानापर्यंत लाल झाली. तिने पिशवी उचलली. “चला. गाडी काढा.”

“बोलावणं नाही, हातात काही नाही, अशा व्याह्यांच्या घरी येणार? लोक काय म्हणतील?” सागिनबेकचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. “दिलेली लेक दिल्या घरीच शोभते. पडला धोंडा पडल्या जागीच जड असतो, विहीणबाई.”

“माझी मुलगी धोंडा नाही.”

मीही गाडीत बसले. त्या दोघांच्या मध्ये कुणीतरी हवंच होतं. घाट ओलांडून आम्ही खोऱ्यात उतरलो.

बेगायम अंगणात होती, हातात दुधाची बादली. मनगटं काटकीसारखी झाली होती. आईला बघून ती धावली नाही. सांडू नये अशा बेताने तिने बादली खाली ठेवली. लग्न झाल्यापासून तिचा फोन सासूच्या पेटीत होता, आणि आता वर कुरणातूनही सासूच तो उचलायची. मूल झालं की देऊ, असं ठरलं होतं. शेजारणीचा मागितला असता, तर आईच्या आधी गावाला कळलं असतं. उरला सासऱ्याचा संगणक, आणि त्यावरून फक्त आमच्याच दवाखान्याचं दार ठोठावता येत होतं.

“अगं, एक्स-रेचं दार उघडं होतं ना,” एजेचा आवाज फाटला. “तिथून आत यायचंस. काहीतरी लिहून ठेवायचंस.”

“तिथून आले असते, तर तुला कळलंच नसतं, आई. ज्याला तू एकदा आत घेतलंस, त्याच्याकडे परत कधी बघतेस? तू फक्त नाकारलेलं वाचतेस.”

सागिनबेक काहीतरी बोलायला पुढे झाला. मी त्याला म्हटलं, गप्प उभे राहा. एजेने हात वर केले आणि लग्नात ‘आता तू आमची’ म्हणून सासूने लेकीच्या डोक्याला बांधलेला पांढरा रुमाल सोडायला लागली. गाठ घट्ट होती, सुटायला वेळ लागला.