सदर घरातील कामाची विभागणी

कॉलेजात तिला सगळे 'मार्जिनबाई' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं. कुणीही पोरगं कागद घेऊन दारात उभं राहिलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "आधी डावीकडे मार्जिन सोड, मग बोलू."

तिची खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. रबरी चटया कधीच हलवल्या, पण त्यांचा वास भिंतींना धरून बसला होता. कोपऱ्यात उंच उडीचा एक वाकलेला दांडा होता. तो न्यायला शिपाई 'उद्या येतो' म्हणून गेला होता, तो गेलाच. दारावर पाटी होती, 'लेखन मार्गदर्शन कक्ष'. कला शाखेतल्या मुलांना असाइनमेंट धड लिहिता येत नाहीत अशी प्राध्यापकांनी ओरड केली, तेव्हा प्राचार्यांनी हा कक्ष काढला आणि तिला तिथं बसवलं. ती मुळात साहित्य शिकवणारी, पण हंगामी. हंगामी माणसाला नाही म्हणायची सोय नसते.

काम वरकरणी सोपं होतं. पण प्रत्येक विभागाची तऱ्हा वेगळी. इतिहासाच्या सरांना निबंधात 'मी' दिसला की ते लाल पेनानं विचारायचे, 'तू होतास का तेव्हा तिथे?' समाजशास्त्राच्या मॅडमना 'मी' नसेल तर चालायचं नाही. बघणारा कुठं उभा राहून बघतोय ते आधी कळू दे, असं त्यांचं म्हणणं. तत्त्वज्ञानवाले म्हणायचे, उदाहरणं कशाला इतकी? राज्यशास्त्रवाले म्हणायचे, उदाहरणं कुठायत? संदर्भांची यादी एकाला शेवटी हवी, दुसऱ्याला पानाच्या तळाशी, आणि तिसऱ्यांना हवी तर असायची, पण कशी ते त्यांनाच सांगता यायचं नाही. हे सगळं एकाच मुलाला एकाच आठवड्यात पाळायचं असे. "बाई, एकदाच सांगा, मी असू की नसू?" असं एका मुलीनं रडकुंडीला येऊन विचारलं, तेव्हा तिला स्वतःलाच डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं होतं.

तरी तिनं निभावून नेलं असतं. पण त्या वर्षी सासऱ्यांनी कॉलेजात नाव घातलं.

सासऱ्यांना घरीदारी सगळे नाना म्हणत. नाना जन्मभर पाणीखात्यात निरीक्षक होते. फुटलेला पाइप, चोरून घेतलेलं कनेक्शन, उलटा फिरणारा मीटर, काहीही असो. जायचं, पाहायचं आणि अहवाल लिहायचा. निवृत्त झाले, मागोमाग सासूबाई गेल्या, आणि नाना हॉलमधल्या खुर्चीत दिवस ढकलू लागले. मग एका सकाळी ते उठून गेले आणि पदवीचा प्रवेश घेऊनच परत आले.

"नोकरीच्या नादात राहून गेलं होतं," ते म्हणाले. नवऱ्याला कोण आनंद झाला. तो बायकोकडे वळून म्हणाला, "तुझंच कॉलेज आहे. तू बघशीलच." त्या 'बघशीलच'मध्ये काय काय मावतं याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

नानांनी पहिली असाइनमेंट लिहिली ती चंद्रावरच्या एका कवितेच्या रसग्रहणाची. तिनं वाचली. 'सदर कवितेत सदर कवीने चंद्राबाबत निवेदन केले आहे. चंद्र रात्रीच्या वेळी आढळून येतो. चंद्राच्या स्थितीबाबत तक्रार आढळली नाही. सबब कविता योग्य आहे.'

"नाना, ही तपासणी नाहीये हो. कविता वाचून तुम्हाला काय वाटलं ते लिहायचं."

"मला काय वाटलं याचा कवितेशी काय संबंध?"

"साहित्यात असतो संबंध."

नानांनी ते मनावर घेतलं. इतकं, की कालव्यांच्या इतिहासावरच्या पुढच्या असाइनमेंटमध्ये त्यांनी पानंच्या पानं स्वतःला वाटलेलं लिहिलं. इतिहासाच्या सरांनी कागद लाल करून परत दिला. नाना जेवायला बसता बसता कडाडले, "तूच म्हणालीस ना, वाटलं ते लिहा?"

"ते साहित्यात, नाना!"

"म्हणजे माणसानं विषय बघून वाटून घ्यायचं?"

खरं पाहता तसंच होतं. नवरा घास गिळत म्हणाला, "अगं, नीट समजावून सांग ना त्यांना." तिनं हातातला डाव भांड्यात आदळला आणि जाहीर केलं, की यापुढे या घरात असाइनमेंटचा विषय निघणार नाही. विचारायचं असेल तर कक्षात यायचं, इतरांसारखं रांगेत बसायचं.

नाना खरंच येऊ लागले. गुडघ्यावर फाइल घेऊन पोरांमध्ये बाकावर ताठ बसायचे आणि आत आले की म्हणायचे, "नमस्कार, बाई." घरात 'अगं सूनबाई, जरा पाणी दे,' आणि इथं बाई. सुरुवातीला तिला गंमत वाटली. मग नाना रोज येऊ लागले आणि गंमत विरली.

अशात समाजशास्त्राची असाइनमेंट आली. कुठलंही एक घर निवडायचं, आठवडाभर निरीक्षण करायचं आणि तिथली कामाची विभागणी लिहायची. नानांनी कुठलं घर निवडलं हे तिला थेट कक्षातच कळलं, त्यांनी कागद पुढे ठेवला तेव्हा.

'सदर घरात तीन सदस्य राहतात. कामाची विभागणी समाधानकारक आहे. जेवण वेळेवर मिळते. कपडे धुतलेले आढळतात. घर स्वच्छ आढळले. कोणाचीही तक्रार नाही.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी सकाळी स्वयंपाक, डबे, कपडे, केर असं सगळं उरकून, केस ओले असतानाच ती धावत बस पकडून आली होती. पण कक्षाचा नियम तिनंच केलेला होता. मुलांनी काय लिहावं यात तोंड घालायचं नाही, कसं लिहावं तेवढंच सांगायचं. ती दोन घोट पाणी प्यायली.

"कपडे धुतलेले आढळतात," ती म्हणाली. "कुठं आढळतात?"

"कपाटात."

"कपाटात कसे येतात?"

नानांनी कागदाकडे पाहिलं, जणू तिथं लिहिलेलं असेल.

"निरीक्षण कुठून केलंत तुम्ही?"

"खुर्चीतून."

"आणि पाइप गळतोय अशी तक्रार आली, तर ऑफिसच्या खुर्चीत बसून अहवाल लिहायचात?"

नानांचे कान लाल झाले. "कधीच नाही. भर उन्हात जागेवर गेलोय मी."

"मग जा जागेवर."

हे बोलल्याचा तिला दुसऱ्याच सकाळी पश्चात्ताप झाला. ती स्वयंपाकघरात शिरली तर नाना स्टूल टाकून, मांडीवर कागद घेऊन तयार.

"हे काय करतेस?"

"डबा भरतेय."

"आणि ते?"

"संध्याकाळची भाजी चिरून ठेवतेय."

"आत्ताच कशाला?"

"संध्याकाळी तुम्हाला जेवण वेळेवर आढळावं म्हणून."

नाना निमूट लिहून घेत. त्यांचे पाय नेमके गॅस आणि सिंक यांच्या मध्ये. ती कपडे वाळत घालायला गेली की हे दोरीखाली उभे. "नाना, निदान ती चिमट्यांची टोपली तरी धरा!" तर म्हणाले, "छे छे! हस्तक्षेप केला की निरीक्षण बिघडतं. मॅडमनी सांगितलंय." वर्षभरात शिकवलेल्यातलं नेमकं तेवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं होतं.

नवऱ्याची तर वेगळीच कथा. घरात निरीक्षण चाललंय म्हटल्यावर तो बाह्या सरसावून सिंकपाशी उभा राहिला. शीळ घालत भांडी घासायचा आणि मध्येच मान वळवून विचारायचा, "नाना, लिहिलंत ना?" त्यानं घासलेल्या भांड्यांना साबण तसाच असे. मग ती सगळी भांडी पुन्हा विसळायची. नाना तेही लिहायचे.

एका संध्याकाळी ती पलंगावर कपड्यांचा ढीग घेऊन घड्या घालत होती. एक शर्ट, मग शेजारच्या गठ्ठ्यातला एक निबंध, मग पुन्हा शर्ट. नाना बराच वेळ नुसते पाहत होते.

"तुझ्या सासूबाई हे एवढं सगळं कधी करायच्या गं?"

"मला काय विचारता, नाना? मी नंतर आले. घरात तुम्ही होतात."

"मी असायचो कुठे? कामावर असायचो."

"सुट्टीच्या दिवशी?"

नानांचं पेन थांबलं. त्यांनी स्टूल उचललं आणि गॅलरीत जाऊन अंधारात बसले. तिला वाईट वाटलं. आणि लगेच रागही आला. सगळं करून वर हे वाईटही आपणच वाटून घ्यायचं!

अहवाल पूर्ण झाला तो नवऱ्यानं जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचायला घेतला. "'सदस्य क्रमांक दोन, म्हणजे मुलगा, सकाळी उठून फोन पाहतो. निरीक्षण चालू असल्याचे कळल्यानंतर भांडी घासू लागला. सदर भांडी सून पुन्हा विसळते.' नाना! हे काय लिहिलंय?"

"दिसलं ते."

"कॉलेजात सगळे ओळखतात हिला. माझी काय लाज राहील?"

"मग माझी कुठे राहिलीय? पुढे वाच की."

पुढे होतं, 'सदस्य क्रमांक एक, म्हणजे निरीक्षक स्वतः, सर्व वेळ बसलेला आढळला.' आणि अगदी शेवटी, 'सदर घरात काम भरपूर आढळले. विभागणी आढळली नाही.'

नवरा ताटावरून उठून गेला. अहवाल तसाच जमा झाला.

कागद परत आला तेव्हा नाना जेमतेम पास होते. मॅडमचा शेरा होता, 'निरीक्षण उत्तम. पण सिद्धांत कुठे आहे? पुन्हा लिहून आणल्यास गुण वाढवता येतील.' नाना रांग मोडून कक्षात घुसले. बाहेरची पोरं दारात गोळा झाली.

"सिद्धांत कुठे आहे म्हणजे काय? सगळं घर पालथं घातलं मी, माळ्यावर चढून पाहिलं. सिद्धांत कुठंच नव्हता!"

पोरं खदखदा हसली. तिलाही हसू फुटलं, पण नानांचा चेहरा पाहून तिनं ते आवरलं.

"बास झालं," ते फाइल बांधत म्हणाले. "एक म्हणतो वाटलं ते लिही, दुसरा म्हणतो वाटायचं नाही, तिसरी म्हणते घरात नाही ते आणून दाखव. सोडतो मी कॉलेज."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिनं किती दिवस वाट पाहिली होती! 'सोडा' म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण त्या खोलीत वर्षभर आलेल्या ढीगभर कागदांत 'विभागणी आढळली नाही' इतकं सरळ, खरं वाक्य दुसरं आलं नव्हतं. ते रद्दीत गेलं असतं तर तिलाच झोप लागली नसती.

"बसा, नाना," ती वैतागून म्हणाली. "तुम्ही आपलं घर पाहिलंत. शेजारी काय आढळेल?"

"हेच."

"समोरच्या घरात?"

"तिथंही हेच."

"का?"

नानांनी बांधलेली फाइल पुन्हा सोडली.

"हे 'का' सगळीकडे तेच असतं की वेगळं, यावर लोकांनी आधी बराच विचार करून ठेवलाय. तो वाचायचा आणि आपल्या घराला लावून बघायचा. सिद्धांत म्हणजे तेवढंच. लायब्ररी वरच्या मजल्यावर आहे. आणि आता उठा, बाहेर रांग आहे."

नानांनी वाचलं. घरी विषय काढायचा नाही हा नियम धाब्यावर बसवून रोज जेवताना वाचलेल्याशी भांडले, आणि पुन्हा लिहून दिलं. समाजशास्त्रात त्यांना चांगले गुण मिळाले. इतिहास कसाबसा निघाला. साहित्यात नापास झाले. तो पेपर पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचा होता, म्हणजे तिच्या मागचं शुक्लकाष्ठ काही संपलं नव्हतं.

अहवाल जमा झाला त्या दिवसापासून नवऱ्याची शीळ आणि भांडी दोन्ही बंद पडली होती. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती भरल्या सिंकसमोर उभी राहून पुटपुटली, "निरीक्षण संपलं, काम संपलं." नाना खुर्चीत होते. त्यांनी ऐकलं. ते उठून आत आले आणि शर्टाच्या बाह्या दुमडत म्हणाले, "सरक. चहा मी करतो. साखर कुठे असते?"

घर बांधल्यापासून ते त्याच घरात राहत होते. तिनं डबा दाखवला. मग चहापत्ती कुठे, मग गाळणं कुठे, मग गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा. या चौकशा चालू असताना दूध उतू गेलं आणि पातेलं करपलं. वासानं नवरा धावत आला.

"उठलास का? घास हे," नाना म्हणाले.

"करपवलंत तुम्ही, मी का घासू?"

"मी चहा केला. विभागणी आहे ही."

"अशी असते होय विभागणी?"

दोघांची चांगलीच जुंपली. तिनं उरलेला चहा गाळून घेतला. अतिगोड होता, पण उभ्या उभ्या सगळा प्यायली. मग पर्स खांद्याला लावली आणि पातेलं कोणाच्या गळ्यात पडतंय हे ऐकायला न थांबता बससाठी निघाली.