डिंकाच्या लाडवांनी रिकामं केलेलं स्टेशन

जावयाचा फोन आला, "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, पण मनीषा दिवसभर रडत असते." त्याच क्षणी ठरलं, इंग्लंडला, लेकीकडे लेस्टरला जायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हाही सुरतेतच होतो. हे पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये हिशेब बघायचे आणि आमची परदेशाची धाव दमणपर्यंत.

त्या दिवसांत लंडनमध्ये आयरिश अतिरेक्यांच्या बॉम्बची धास्ती होती. पेपर वाचवाचून ह्यांनी नियमच केले होते: गर्दीत थांबायचं नाही, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. शेजारच्या जशुबेननी भर घातली, "भाभी, कोईनुं पार्सल लेता नहीं, हं!" विमानात शेजारच्या आजोबांनी देऊ केलेली लिमलेटची गोळीसुद्धा ह्यांनी मला घेऊ दिली नाही.

लंडनच्या विमानतळावरून आम्ही बसने रेल्वे स्टेशन गाठलं. तुम्ही जाणार असाल तर सुटी नाणी जवळ ठेवा, तिथे स्वच्छतागृहालाही नाणं लागतं. खाण्यासाठी ठेपले उत्तम, तीन दिवस टिकतात. लेस्टरच्या गाडीला वेळ होता, म्हणून ह्यांना बाकावर बसवून मी हातपाय धुवायला गेले.

बाहेर येते तो काय, पोलीस सगळ्यांना स्टेशनाबाहेर काढत होते. रस्त्यावर हे सापडले, दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले.

"काय बेअक्कल लोक असतात बघ! कुणीतरी बॅग टाकून गेलंय."

"अहो, आपली बॅग कुठाय?"

"बाकावर. जागा धरलीय. वर रुमालही टाकलाय."

सुरत स्टेशनात भुसावळ पॅसेंजर लागली की खिडकीतून रुमाल टाकायचा, जागा आपली. खानदेशातल्या गावी जाताना ह्या कामात ह्यांचा हात कुणी धरू शकत नसे. माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता ह्यांचा चहा हिंदकळला.

"आपण गप्प राहू," हे कुजबुजले. "कबूल केलं तर आत टाकतील."

"आणि लाडू?"

"ते... उडवतील."

बॅगेत बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. तूप गळू नये म्हणून डब्याला ह्यांनी मिलमधली काळी चिकटपट्टी गुंडाळून वर तार आवळली होती. शेजारी एक गोरी आजीबाई थरथर कापत उभी होती. तिला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ह्यांना दंडाला धरून पोलिसापर्यंत ओढत नेलं.

"माय बॅग," मी म्हटलं. "माय डॉटर. बेबी. लाडू."

"नो बॉम्ब, सर," ह्यांना कंठ फुटला. "ओन्ली डिंक, कोकोनट अँड घी."

पासपोर्ट तपासले, कुत्र्याने बॅग हुंगली, मग आमच्याकडून डबा उघडवला. पोलीस अजूनही संशयाने बघत होता, म्हणून पुरावा म्हणून ह्यांनी एक लाडू खाऊन दाखवला. मग दुसरा.

"पुरे झाला पुरावा," मी म्हटलं.

पोलिसाने आम्हाला चांगलंच झापलं. त्यातलं निम्मं मला कळलं, आणि तेवढ्यानेच मान वर होईना. पण लाडू परत मिळाले. गाडी अर्थातच चुकली होती.

मनीषाने दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, आता गळ्यात पडून रडणार. पण उशीर का झाला ते ह्यांना सांगावंच लागलं.

"बाबा, रुमालसुद्धा?" तिने विचारलं. मग स्वयंपाकघरातला ओटा धरून ती अशी हसत सुटली की टाके दुखतात म्हणत खाली बसली, आणि बसूनही हसतच राहिली. जावई दारात येऊन बघत राहिला.

सुरतेला परतल्यावर कॉलनीतले सगळे विचारत, काय काय पाहिलंत? हे राजवाडा, पूल, मोठं घड्याळ असं सांगत बसायचे. मी सांगायचे, लेक हसताना पाहिली.