गोदाकाकीच्या मांडवातला भात

आमच्या गावात एका पक्षाचे दोन पक्ष झाले. वर मुंबईत कोण कुणाला काय बोललं ते मला विचारू नका. मला एवढं ठाऊक आहे की त्या भानगडीत आमच्या गोदाकाकीची पडवी रिकामी झाली.

त्या पडवीत गावाची भांडी असायची. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने घेऊन दिलेले मोठाले टोप, झाकणं, डाव, झारे, बादल्या. कुणाच्या घरी लग्न असो की सत्यनारायण, काकीकडून भांडी न्यायची आणि घासून परत आणायची. नीट घासली नसली की काकी दारातूनच फिरवायची. "ह्यात आधी तुजा तोंड दिसतंय काय ता बघ," असं तिने एकदा सरपंचाला सुनावलं होतं. नवरा गेला, मुलगा-सून गेली, तरी ही बाई गावाच्या भांड्यांवर राज्य करायची, आणि गाव ते चालवून घ्यायचं.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. वरची वाडी एका पक्षात, तिचा पुढारी बाळा; खालची दुसऱ्यात, तिचा विनीत. एका बाकावर बसून शिकलेले हे दोघे काकीच्या अंगणात भांडी वाटून घ्यायला बसले. कायदा काय लावला, तर दोघांकडे नग सारखे हवेत. टोप हा एक नग आणि झाकण हाही एक नग. तासभर हुज्जत घालून शेवटी टोप आणि झारे वर गेले, झाकणं आणि डाव खाली. मी तिथेच उभी होते. म्हटलं, "अरे गाढवांनो, झाकणात भात शिजवणार काय?"

विनीत म्हणाला, "ताई, तुम्ही मोर्चे काढा. वाटणी आम्हाला कळते."

कळते! त्या दिवसापासून वरच्या वाडीत टोपांवर पत्रे झाकतात आणि खालच्या वाडीत झाकणं भिंतीला टेकून उभी असतात. दोघेही ताठ. एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद. हळदीला नाही, पंगतीला नाही.

आणि अशात काकीच्या नातीचं, राहीचं लग्न ठरलं. मुलगा लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे, माणसं चांगली.

राहीचं सांगते. तिची आई बाळंतपणातच गेली, आणि बापही पुढे फार टिकला नाही. तान्ह्या पोरीला काकी कडेवर घेऊन फिरायची आणि दोन्ही वाड्यांतल्या लेकुरवाळ्या बायांनी तिला पाजली. ज्या घरी मूल अंगावर पीत असेल ते घर राहीचं. ती मोठी झाली ती अशी. म्हणून काकीचं एकच म्हणणं होतं. राहीच्या लग्नात दोन्ही वाड्या एका पंगतीला बसल्या पाहिजेत. "कुणाला वगळू?" ती मला म्हणाली. "कुणाचा दूध वगळू, तूच सांग गो."

बाळा आला. "काकी, टोप सगळे देतो. पोरं लावतो कामाला. फक्त खालचे मांडवात नकोत."

विनीतने जास्त मोठा डाव टाकला. खेडचा केटरर, सगळा खर्च विनीतचा. बदल्यात मांडवाच्या दाराशी त्याच्याच फोटोचा बॅनर.

"लगीन राहीचा हाय की तुजा?" काकीने विचारलं. विनीत उठून गेला.

मला वाटलं, हे आपलं काम आहे. मी शाळेच्या व्हरांड्यात दोन्ही वाड्यांची बैठक लावली. सहकार्य, गावाची एकी, मला येतं ते सगळं बोलले. दहाव्या मिनिटाला खुर्च्या उचलल्या गेल्या आणि त्यातली एक माझ्याही हातात होती. काकी केव्हाच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातला हारुन मासळीचा टेम्पो घेऊन आला. त्याला सगळं कळलेलं. "काकी, आमच्या जमातीच्या देगी हायत. झाकणासकट. आजच पोचवतो."

काकीचे डोळे भरले. "देगी मिलतील रे बाबा. पंगत कुटून आणू?"

 तिसऱ्या दिवशी काकी अक्षता घेऊन आमंत्रणाला निघाली. वरच्या वाडीचं पहिलं घर ते खालच्या वाडीचं शेवटचं, एकही सोडलं नाही. आणि प्रत्येक दारात एकच सांगणं: "आहेर नको. येताना तुमच्या चुलीवरचा भात घेवन या. वरण-भाजी माजी."

गावात हलकल्लोळ. आमच्याकडे शिजवलेला भात दुसऱ्याच्या घरी कधी नेतात? त्या घरी मयत झालं की. चूल पेटवत नाहीत, तेव्हा शेजारपाजार भात नेऊन देतो. लग्नघरी असला भात? म्हातारीला झालंय तरी काय?

राही रडायला लागली. "आजी, अपशकुन म्हणतील गो. सासरची काय बोलतील?"

काकी तिच्या केसांत तेल घालत होती. हात थांबला नाही. "परवा वरच्या वाडीतला म्हातारा गेला तवा खालच्या वाडीतना भात आला की नाय? आला. कुणी पक्ष इचारला? मेल्यावर आणतात ना? मग माजी पोर जिती हाय, तिच्यासाटी आणायला काय झाला?"

  

लग्नाच्या सकाळी मला राहवेना. वरण झालं होतं, भाजी झाली होती, वऱ्हाड येऊन बसलं होतं आणि घरात भाताचं शीत नव्हतं. म्हटलं, "काकी, थोडा तरी शिजवून ठेव. कुणी आलंच नाही तर?"

"नको. मी शिजवला तर त्यांना न यायला जागा मिलेल."

मुहूर्त लागला. मंगलाष्टकं झाली. अंगणात बांबूची चटई, तिच्यावर केळीची पानं अंथरलेली, रिकामी. काकी हसून पाहुण्यांना सरबत देत होती. मधेच वाटेकडे बघून येत होती.

आधी विनीतची आई आली. डोक्यावर टोपली, एकटीच. कुणाकडे न बघता तिने भात पानांवर ओतला. वाफ निघत होती. मग वरच्या वाडीच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून दोघी उतरल्या, त्यांच्या मागे तिघी. मग कोण वरची आणि कोण खालची ते कळेना. कुणाचा उकडा, कुणाचा रेशनचा, कुणाचा गिचका, कुणाचा फडफडीत. चटईवर ढीग झाला. कुणी म्हटलं असतं की आमचा तेवढा वेगळा काढा, तर देवालाही जमलं नसतं.

व्याही माझ्या कानाशी लागले, "ही काय पद्धत म्हणायची?"

"आमच्याकडची," मी म्हटलं. आजपासूनची, हे नाही सांगितलं.

पंगत बसली. बाळा बायकोच्या मागून आला आणि टोकाला बसला. दोन घास खाल्ले आणि थांबला. "ह्यो भात विनीतच्या आयशीचा हाय."

विनीतची आई वाढत होती. "कशावरना?"

"मीठ. शाळेत असताना तुज्याकडे जेवायचो तवापासना हात असाच."

"मग काय, टाकतोस पानात?"

 बाळाने पान पुढे सरकवलं. "वाढ."

एवढंच. गळ्यात गळे पडले नाहीत. पण राहीने दोन्ही वाड्यांतल्या बायांच्या पाया पडताना एकेकीला मिठी मारली आणि सगळ्या जणी रडल्या. मीही. त्याचा कुणी बभ्रा करू नये.

वरात गेली. काकीने पदर खोचला, केळीच्या पानात भात बांधला, वाटीत वरण घेतलं. "चल गो माज्यासंगती."

विनीत आला नव्हता. घराच्या ओट्यावर मोबाइल घेऊन एकटाच बसला होता. आम्हाला बघून उठला. "काकी, मी येणार नाय म्हटला होता."

"म्हणून तर मी आले. ताट घे."

तो उभाच राहिला. काकी ओट्यावर टेकली, पान सोडलं, वरणाची वाटी शेजारी ठेवली. दिवसभर उभी होती ती. बसताना तिच्या तोंडून 'आई गो' निघालं. ते ऐकून विनीत आत गेला आणि ताट घेऊन आला. काकीने निम्मा भात वाढला, वर वरण ओतलं. तो मान खाली घालून जेवायला लागला. वर न बघताच त्याने विचारलं,

"बाळा जेवला?"

"दोनदा भात घेतलान."

विनीतने ताट निपटून काढलं. मग पानातला उरलेला भात स्वतःच आपल्याकडे ओढला.