दुपारचा डबा

कुडव्यातल्या आमच्या लेआउटच्या वसाहतीत समाजभवन बांधून झालं, तेव्हा त्याचा उपयोग काय करायचा यावर एका रविवारी बैठक झाली. कोणी जिम म्हणालं, कोणी लग्नांना भाड्याने द्या म्हणालं. मी उठून वेगळंच सुचवलं. दुपारी घरोघरी म्हातारी माणसं एकटी जेवतात, त्यांनी आपापला डबा घेऊन इथे यावं आणि सोबत जेवावं. बोलण्याच्या भरात मी असंही म्हणालो की ज्यांच्या मुलांना आईबापासाठी वेळ नाही, त्यांना निदान शेजार तरी मिळेल. टाळ्या पडल्या.

माझे वडील तेव्हा घरी टीव्हीसमोर बसले होते. आई गेल्यावर मी त्यांना तिरोड्याजवळच्या गावाहून इकडे आणलं होतं. आम्ही नवराबायको दोघंही नोकरीवर. सकाळी निघताना बायको त्यांचं ताट वाढून झाकून ठेवायची. आपल्या घरी सगळं ठीक आहे, असं मी धरून चाललो होतो.

हे जेवण सुरू झालं त्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळपासून भवनात सतरंज्या घालायला, पाण्याचे कॅन आणायला राबलो. सगळ्यांत आधी दारात आले ते बाबा. धुतलेलं धोतर, हातात माझा ऑफिसचा जुना डबा. बैठकीला आलेले दोघंतिघं तिथेच होते. त्यांनी आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी बाबांना बाजूला घेतलं. "तुम्ही कायले आले?"

"जेवाले," ते म्हणाले. "तुयीच कल्पना हाय म्हणे."

आवाजात कौतुक होतं. मला मात्र माझंच बैठकीतलं वाक्य ऐकू येत होतं. मी सगळ्यांना पाणी दिलं, पण बाबांजवळ बसलो नाही. संध्याकाळी त्यांना सांगितलं की ऊन फार आहे, उद्यापासून घरीच जेवा. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाले. बायकोने नंतर विचारलं, लोक काय म्हणतील म्हणून त्यांना घरात बसवलंत का? मी विषय बदलला.

आठवडाभराने किराणा दुकानात समोरच्या गल्लीतल्या आजी भेटल्या. त्याही भवनात जेवायला जात. म्हणाल्या, "भैया, बाबूजी को क्यों नहीं भेजते? एक ही दिन आए, पर सबको कितना हँसाया."

मी पिशवी उचलून निघालो. घरी बाबांचं दिवसभराचं बोलणं दोनचार शब्दांच्या वर जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः त्यांचा डबा भरला आणि भवनात जायला सांगितलं.

"ऊन हाय ना?" त्यांनी विचारलं.

"उन्हाचं नव्हतं, बाबा. लोकायची लाज वाटली मले."

त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं. "समजलं होतं मले," एवढंच बोलले.

दुपारी माझं कामात लक्ष लागेना. साहेबांना सांगून निघालो आणि गाडी भवनासमोर लावली. आत बाबा बोलत होते. लग्नानंतरच्या पहिल्या रोवणीत, धान लावताना, आई बांधावरून घसरून चिखलात बसली, बाबा हसले, म्हणून तिने त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तिला परत बोलतं करायला त्यांनी काय काय केलं, ते सांगत होते. सगळे हसत होते. इतक्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं.

मी दारात दिसलो तसे ते थांबले. मी घ्यायलाच आलो असं समजून अर्धा राहिलेला डबा बंद करू लागले. "आलोच, चाल," म्हणाले.

तिथे बसलेल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मी बाबांना जेवा म्हणालो, चपला काढल्या आणि सतरंजीच्या टोकाला बसलो. बाबांनी डबा पुन्हा उघडला, खाली मान घालून भात संपवला. आईने मग बोलणं कधी सुरू केलं, ते त्यांनी माझ्यासमोर सांगितलं नाही, आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.